जाहिरातीसाठी फोडलेले कुलूप

न मागता जाहिराती दाखवते ते ॲडवेअर आणि गुपचूप माहिती पळवते ते स्पायवेअर, अशी विभागणी सर्रास केली जाते. पण जाहिरात नेमकी दाखवायची तर आधी वापरकर्ता काय पाहतो आहे हे पाहावे लागते, आणि तिथेच ही विभागणी डळमळीत होते.

२०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्होने विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश या कंपनीचे ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ हे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले होते. खरेदीच्या संकेतस्थळावरील एखाद्या वस्तूच्या चित्रावर माउस नेला, की तशाच दिसणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती ते पुढे करी. मात्र ‘एचटीटीपीएस’ संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध असल्यामुळे तिच्यात बाहेरच्या कोणाला जाहिरात घुसडता येत नाही. समोरचे संकेतस्थळ खरे आहे की नाही, हे ब्राउझर त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरवतो, आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी विंडोजमध्येच असते. सुपरफिशने या यादीत स्वतःचेच मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या आधारे इतर प्रमाणपत्रे खरी मानली जातात ते, घातले. मग बँकेचे पान उघडले, तरी ब्राउझरला बँकेऐवजी सुपरफिशने जागच्या जागी तयार केलेले प्रमाणपत्र मिळे, आणि कुलपाचे चिन्ह मात्र नेहमीसारखेच दिसे.

एवढ्यावर थांबले असते, तरी प्रकार गंभीरच होता. पण अशी प्रमाणपत्रे तयार करणारी गुप्त किल्ली प्रत्येक लॅपटॉपवर ठेवलेली होती आणि सर्व लॅपटॉपवर ती एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरक्षातज्ज्ञ रॉबर्ट ग्रॅहम यांनी ती बाहेर काढली. तिचा पासवर्ड होता ‘कोमोडिया’, म्हणजे देवाणघेवाणीच्या मध्ये शिरणारा हा भाग सुपरफिशला पुरवणाऱ्या कंपनीचेच नाव! ती किल्ली हाती असलेला कोणीही, एखाद्या कॅफेच्या वायफायवर बसून, शेजारच्या अशा लॅपटॉपला बनावट बँक खरी म्हणून दाखवू शकला असता. सुपरफिशला हेरगिरी करायची होती की नाही, हा प्रश्न त्यामुळे गौणच ठरतो.

सॉफ्टवेअर काढून टाकले, तरी ते मूळ प्रमाणपत्र यादीत तसेच राहत असे; ते वेगळे शोधून पुसावे लागे. मायक्रोसॉफ्टने लवकरच विंडोज डिफेंडर या आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरमार्फत दोन्ही हटवण्याची सोय केली. २०१७ मध्ये लेनोव्होने अमेरिकेतील ३२ राज्यांना ३५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्याच वेळी तेथील संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार, असे सॉफ्टवेअर आधीच बसवायचे असल्यास ग्राहकाची स्पष्ट संमती घेणे कंपनीवर बंधनकारक झाले.