बुलेट इंजिनातील भागांची अदलाबदल

एका वर्षी बनलेल्या मोटारसायकलच्या इंजिनाचा भाग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वर्षाच्या इंजिनात बसवण्याची पद्धत. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत ती सगळीकडे आहे. भारतात तिचे ठळक उदाहरण म्हणजे रॉयल एनफिल्ड बुलेट, कारण या गाडीचा साचा जवळपास अर्धशतक फारसा हललाच नाही.

१९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. सुरुवातीला इंग्लंडमधील रेडिचहून आलेले भाग जोडून गाडी तयार होई. पुढे तेच भाग इथे बनू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, मद्रासची बुलेट मात्र त्याच आराखड्यावर निघत राहिली. १९७७ पासून ती इंग्लंडलाही जाऊ लागली आणि तिथल्या जुन्या बुलेटवाल्यांची भागांची सोय झाली. बापाच्या चपला लेकाला येतात हे नेहमीचे. इथे लेकाच्या चपला बापाला आल्या.

ज्याला मेकॅनिक ‘सीआय’ म्हणतात ते बिडाच्या सिलिंडरचे इंजिन या अदलाबदलीचे खरे क्षेत्र. ३५० सीसी बुलेटचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९० मिमी. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, पुशरॉड, तेलपंप हे भाग दोन दशकांच्या अंतरानेही बरेचदा एकमेकांना चालतात. पुण्याची नाना पेठ किंवा दिल्लीचे करोल बाग यांसारख्या बाजारांत म्हणूनच गिऱ्हाईकाला गाडीचे साल विचारण्याआधी इंजिन कुठले ते विचारतात.

चालते याचा अर्थ नुसते उचलून बसवले की झाले, असा नाही. पहिली अडचण आट्यांची. जुन्या गाडीत ब्रिटिश आटे, पुढच्या काळात काही ठिकाणी मेट्रिक. दिसायला सारखा नट दोन फेरे सहज फिरतो आणि अडतो. तिथे पान्याला जोर दिला की स्टडचे आटे गेलेच. तेलपंप चालवणाऱ्या वर्मचा (मळसूत्री गिअरचा) नट तर उलट्या आट्याचा आहे, आणि ते ठाऊक नसलेल्या हातांनी तो तोडल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात सापडतील. दुसरी अडचण झिजेची. टायमिंगची, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ साधणारी गिअरे एकमेकांत घासून बसलेली असतात. त्यांतले एकच बदलले तर इंजिन शिट्टी वाजवू लागते. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे दोन अर्धे भाग जोडीनेच बनतात, म्हणून दोन वेगळ्या इंजिनांचे अर्धे जुळवणे शहाणपणाचे नाही.

लोकप्रिय बदल दोन. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला मुळात फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळे फिरणारे धातूचे कडे असते. त्याऐवजी रोलर बेअरिंगचा रॉड बसवतात. दुसरा बदल गिअरबॉक्सचा. बुलेटचा जुना चार गिअरचा डबा इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी जोडलेला, वेगळा असल्याने त्या जागी नंतरचा पाच गिअरचा डबा बसवता येतो. मात्र गिअर उजव्या पायाकडून डावीकडे गेला की मागच्या ब्रेकचा पेडल उजवीकडे आणावा लागतो, आणि टाचेने गाडी झटकन न्यूट्रल करणारा लिव्हरही जातो. जुन्या चालकांना या दुसऱ्या गोष्टीचेच दुःख जास्त.

३५० ची ५०० करण्याचा मोह मात्र महाग पडतो. ५०० चा स्ट्रोकही ९० मिमीच आहे, त्यामुळे काम सोपे वाटते. पण तिचा बोअर ८४ मिमी. एवढा सिलिंडर ३५० च्या क्रँककेसच्या तोंडात उतरतच नाही. केस लेथवर रुंद करून घ्यायची तर नंतर परत फिरणे नाही.

मापे जुळली म्हणून भाग जुळत नाहीत, याचा सर्वांत चांगला दाखला याच घराण्यात आहे. २००० च्या सुमारास आलेले एव्हीएल इंजिन आणि पुढे आलेले यूसीई इंजिन, दोघांच्याही ३५० आवृत्तीचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०. प्रत्यक्ष क्षमताही सीआयइतकीच, ३४६ सीसी. तरी एव्हीएलचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) सीआयवर बसत नाही. यूसीईमध्ये तर गिअरबॉक्स इंजिनाच्याच पोटात गेला. अदलाबदलीची हद्द सालावर नव्हे, तर इंजिनाच्या पिढीवर ठरते.

कागदपत्रांची बाजू वेगळी. इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो, त्यामुळे आतले भाग कितीही बदलले तरी नोंदणीपुस्तकाशी त्यांचा संबंध येत नाही. केस बदलली की येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते, आणि इंजिन बदलल्यास आरटीओकडे नोंद करावी लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो, पण वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, ही अट आहे. त्यामुळे १९६० च्या दशकातली बुलेट रोज चालवणारा मालक रोलर रॉड आनंदाने बसवतो. विंटेज नंबरवर डोळा असलेला मालक काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवतो.