पार्श्वभूमी : 'लायब्ररी' म्हणवणारं दुकान आणि 'भाड्याने' हा शब्द

कोकणातल्या एखाद्या बंदराच्या गावी सिनेमे भाड्याने देणारं स्वतंत्र दुकान आज उघडायचं म्हटलं, की लोक विचारतात, मोबाइलवर सगळं असताना येणार कोण? गिऱ्हाइकाचा प्रश्न खरा आहे, पण तो नंतरचा. असं दुकान कायद्याच्या लेखी नेमकं काय आहे, हा आधीचा प्रश्न 1980 च्या दशकापासून लोंबकळतोय आणि त्याचा भार छोट्या दुकानदारानेच वाहिला आहे.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेलीच. 1982 च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रसारण आलं, पाठोपाठ टीव्हीला जोडून सिनेमाची कॅसेट लावायचं यंत्र, म्हणजे व्हीसीआर, आला. कोकणात मात्र हे यंत्र बहुतेक वाड्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते आखातातून आलेल्या माणसाच्या घरी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतले कितीतरी लोक कुवेत, दुबई, मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना घोंगडीत गुंडाळून आणलेलं ते यंत्र आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं जाई, मग लग्नाकार्याला मागितलं जाई आणि वर्षभरात त्याचं भाडं ठरे. लायब्ररी, म्हणजे कॅसेटी भाड्याने द्यायचं दुकान, उघडायची असं ठरवून फारच थोड्यांनी उघडली. एक यंत्र, वीस-पंचवीस कॅसेटी आणि रस्त्याकडेची एक खोली, एवढ्यावर धंदा उभा राहिला. नवा माल मुंबईहून एसटीच्या रातराणीने येई. पहाटे स्टँडवर जाऊन खोकं उतरवून घेणं हे घरातल्या पोराचं काम.

हंगाम दोन, गणपती आणि शिमगा. चाकरमानी गावात पोचायच्या आत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा सेट रात्रीपुरता ठरवलेला असे. वाडीची वर्गणी निघे. आरत्या झाल्या, भजन झालं की खळ्यात टेबल मांडायचं, माजघरातून वायर ओढायची आणि जागराची रात्र सिनेमावर काढायची. म्हाताऱ्या पुढे, पोरं जमिनीवर, बाप्ये पडवीच्या कठड्यावर. मधेच लाइट गेली तर कोणी उठत नसे. गॅसबत्ती पेटवून पुन्हा एक भजन होई. सेटबरोबर दुकानातला माणूस येई, कारण यंत्र त्याच्याशिवाय कोणी हाताळायचं नाही असा करार असे. सकाळी तोच ते सायकलला बांधून परत नेई. आज ज्याला आपण भाड्याचा धंदा म्हणतो, त्याचं खरं उत्पन्न या दहा-बारा रात्रींचं होतं. बाकी वर्षभर भांडवल जपायचं.

आणि जपायचं म्हणजे पावसापासून. कॅसेटची झडप अंगठ्याने वर केली, की निरोगी फीत काळी तुळतुळीत दिसे. ऑगस्टपर्यंत तिच्या कडेला पिठासारखी पांढरी रेघ धरे. ती बुरशी. तशीच कॅसेट यंत्रात घातली की फीत वाचणारं हेड भरून जाई, चित्रावर पांढरे पट्टे येत आणि पुढच्या चार कॅसेटींनाही तीच लागण होई. म्हणून लाकडी कपाटाच्या तळाला एक बल्ब दिवसरात्र पेटता ठेवायचा, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळायची. ओळीने बसून हे काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. सिनेमे जपून ठेवणं म्हणतात ते आमच्याकडे तरी असंच, साठ वॉटच्या उजेडात झालं.

आता मूळ गुंता. या दुकानांना 'लायब्ररी' हे नाव पडलं ते वर्गणी घेऊन पुस्तकं घरी देणाऱ्या वाचनालयांवरून. अनामत, महिन्याची वर्गणी, मेंबर नंबर, उशीर झाला की दंड, सगळी पद्धत तिथलीच. रत्नागिरीत 1828 पासून वाचनालय आहे. तेव्हा वस्तू घरी नेऊन परत आणून द्यायची, ही सवय या किनाऱ्याला नवी नव्हती. कित्येक दुकानांत एकाच फळीवर दिवाळी अंक आणि कॅसेटी शेजारी शेजारी असत. दोन्हींचं भाडं एकाच वहीत लिहिलं जाई. कायद्याने त्या फळीचे दोन तुकडे केले, आणि ते दुकानदाराला कोणी नीट सांगितलं नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती होऊन 'व्हिडिओ फिल्म' हा शब्द आला. कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराची परवानगी घेतल्याचं निवेदन छापणं सक्तीचं झालं. हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड ठरला. रोख होता तो चोरून प्रती काढणाऱ्यांवर. ज्याने रोख पैसे मोजून अस्सल कॅसेट विकत घेतली, त्याने ती भाड्याने द्यावी की नाही, यावर चित्रपटाच्या हक्कांच्या यादीत तेव्हा शब्दही नव्हता. पण छापा पडला की अस्सल आणि नकली एकाच पोत्यात जात. नकली माल सर्रास होता हे मान्यच केलं पाहिजे. नवा सिनेमा दुबईहून फिरून आलेल्या प्रतीवर थिएटरच्या आधी गावात पोचे. तरीही अस्सल माल ठेवणाऱ्याला त्याचा वेगळा मान कधी मिळाला नाही.

10 मे 1995 पासून 1994 ची दुरुस्ती लागू झाली आणि चित्रपटाची प्रत विकणं किंवा भाड्याने देणं हा हक्क मालकाकडे गेला, ती प्रत आधी विकली गेली असो वा नसो. पुस्तकाला हे लागू नाही. छापील प्रत एकदा बाजारात आली की तिच्यापुरता प्रश्न मिटतो. म्हणजे दिवाळी अंक सुटला आणि शेजारची कॅसेट अडकली. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परदेशातून आणलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका दुकानाबाबत हेच सांगितलं : डिस्क खरी असली तरी परवानगीशिवाय भाड्याने देता येणार नाही. माझ्या मते मुद्दा त्या निकालापेक्षा मोठा आहे. परवानगी मागायची तर छोट्या गावातल्या माणसाने कुणाकडे जायचं, किती भरायचं, याची सोपी खिडकी कधीच उघडली गेली नाही.

2012 च्या दुरुस्तीने 'भाड्याने' हा शब्द 'व्यावसायिक भाडं' असा केला आणि 'आधी विकली गेली असो वा नसो' हे शब्द काढले. त्याच वेळी कायद्याने 'लायब्ररी'ची व्याख्याही केली. नफा न कमावणाऱ्या वाचनालयाने किंवा शिक्षणसंस्थेने रीतसर मिळवलेली प्रत दिली, तर ते व्यावसायिक भाडं नाही. मात्र त्या संस्थेला सरकारी अनुदान हवं किंवा आयकरात सूट हवी. तीस वर्षं पाटीवर लायब्ररी लिहिणाऱ्या दुकानांपैकी एकही त्या व्याख्येत बसत नव्हतं. आणि गावच्या अनुदानित वाचनालयाला ही मुभा मिळाली आहे, याची तिथे फारशी चर्चाही झाली नाही.

खळ्यातल्या रात्रीचं प्रकरण आणखी निराळं. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हीसीआरवर पैसे घेऊन सिनेमा दाखवणाऱ्या पार्लरनाही सिनेमागृहासारखा परवाना लागेल असं ठरवलं. वाडीच्या वर्गणीतून दाखवलेला सिनेमा घरगुती की जाहीर, हे कोणी विचारलं नाही म्हणून तो चालला.

पुढचं लवकर घडलं. 1990 च्या दशकात केबल पसरली, आणि बऱ्याच लायब्ररीवाल्यांनीच आपल्या व्हीसीआरची वायर घरोघर ओढून केबलचा धंदा सुरू केला. दुकानं आपल्याच मालकांच्या हातून ओस पडली. मग कॅसेटऐवजी डिस्कवरचा सिनेमा, म्हणजे व्हीसीडी आली, बुरशीचा त्रास कमी झाला, पण तीन तासांच्या सिनेमाला दोन-तीन डिस्क लागत आणि एक हमखास ओरखडलेली निघे. 2007 च्या सुमारास एका भारतीय कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढल्यावर भाड्याचं गणितच उरलं नाही. दहा रुपये देऊन परत करायला यायचं, त्यापेक्षा ठेवूनच घ्या. 2016 च्या सप्टेंबरनंतर स्वस्त डेटा आला आणि वह्या बंद झाल्या.

आज दुकान उघडणाऱ्याला जागेचा त्रास फारसा नाही. मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्याखाली नोंदणीऐवजी सूचना पुरते. अडचण हक्कांची. जुन्या मराठी चित्रपटांचे व्हिडिओ हक्क कधी निर्मात्याच्या वारसांकडे असतात, कधी ठोक विकलेले, आणि करारात 'भाडं' हा शब्द असेलच असं नाही. चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. त्यामुळे ती मुदत उलटलेल्या जुन्या चित्रपटांवरचा तो हक्क आता संपला आहे. त्यांतल्या गाण्यांचा आणि कथेचा हक्क मात्र लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत चालतो, तेव्हा तो वेगळा तपासावा लागतो. आणि चांगली प्रत मिळवावी लागते, ती बहुधा कुणाच्या तरी कपाटात.