मामांची वही आणि चार मिलिमीटरची नळी

उभं आयुष्य सोलापुरात यंत्रमागावर काढलेल्या माझ्या मामांना जुना मधुमेह. तक्रार एवढीच, की लघवी थेंबथेंब होते, धोतर ओलं होतं. घरच्यांना वाटलं, वय झालं. सोनोग्राफीत मात्र लघवी करून आल्यावरही आत 600 मिली शिल्लक दिसली. लघवी तुंबून उतू जात होती.

'भरलं' हा मूत्राशयाचा निरोप आणि 'आता आकस' हा उलटा हुकूम, दोन्ही नसांतून जातात. वाढलेल्या साखरेनं त्या नसा दुबळ्या होतात. कण्याला मार बसला तरी तेच. मग साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, दाब मागे मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो.

पूर्वी अशा अनेकांच्या नशिबी कायमची नळी आणि पिशवी येई. 1972 साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या जॅक लॅपिडीस यांनी वेगळाच मार्ग मांडला: रुग्णानं स्वतःच ठरावीक वेळानं नळी घालावी, लघवी काढावी, नळी बाहेर. नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी. त्यांचं म्हणणं होतं, की फुगून ताणलेल्या भिंतीला रक्त कमी पोचतं आणि तिथे जंतूंचं फावतं. म्हणून वेळ चुकवायची नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. त्यानं घरच्या मोरीतही उपचार शक्य झाला.

मामांची नळी 12 नंबरची, म्हणजे 4 मिलिमीटर जाड. साबणानं हात धुवायचे, नळीला जेली लावायची, लिंग वर धरून ती सावकाश आत सरकवायची. पहिल्या दिवशी आत एका जागी अडली, मामांचे हात थरथरले. सिस्टर म्हणाल्या, "ढकलू नका मामा, लांब श्वास सोडा." श्वासाबरोबर स्नायू सैलावला, नळी पुढे गेली, भांड्यात धार पडली. धार लागल्यावर दोन-तीन सेंटिमीटर आणखी आत, आणि थांबली की हळूहळू बाहेर. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा. त्या आधी आरशात बघून शिकतात, मग बोटांनाच जागा कळते.

सहसा चार ते सहा तासांनी, एका वेळी 400-500 मिलीच्या आत, असा हिशेब डॉक्टर बसवून देतात. ताप-थंडी, रक्ताची धार किंवा नळी आतच न जाणं, यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना.

मे महिन्याच्या उन्हात मामांनी नळी कमी वेळा घालावी लागावी म्हणून पाणीच तोडलं. लघवी गढूळ झाली, ताप आला. आता पंढरपूरला जातानाही पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, नळी आणि वही असते. वहीतली कालची नोंद: दुपारी 2, 380 मिली.