बेरी क्रिस्प: वरचा रंग नव्हे, मधले बुडबुडे बघा
(गोठवलेल्या बेरी आणि ओट्स नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "वरचा थर झकास झाला हो, पण चमचा घातला तर खाली नुसतं पाणी." आम्ही विचारतो, ओव्हनमधून बाहेर कधी काढलंत? उत्तर ठरलेलं: वरून छान सोनेरी दिसायला लागलं तेव्हा. घोळ तिथेच होतो. वरचा चुरा अर्ध्या तासात सोनेरी होतो आणि खाली फळं तेव्हा कुठे गरम व्हायला लागलेली असतात. हे पत्रक मुख्यतः त्या उरलेल्या वीस मिनिटांसाठी लिहिलं आहे.

क्रिस्प म्हणजे तळाला साखर लावलेली फळं आणि वर ओट्स, पीठ, साखर, बटर यांचा चुरा. ब्रिटनमध्ये याच्याच भावंडाला क्रंबल म्हणतात. मूळ क्रंबलमध्ये ओट्स नसायचे, अमेरिकेतल्या क्रिस्पमध्ये असतात. आता दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, त्यामुळे नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रमाण

२० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि ५ सेंटिमीटर खोल भांड्यासाठी हे माप. खाली घालायला गोठवलेल्या मिश्र बेरी ७५० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम (सपाट भरलेले ३ मोठे चमचे), लिंबाचा रस १ मोठा चमचा आणि चिमूटभर मीठ. वरच्या थरासाठी रोल्ड ओट्स १०० ग्रॅम, मैदा किंवा कणीक ७५ ग्रॅम, ब्राऊन शुगर ८० ग्रॅम, थंड बटर १०० ग्रॅम, अर्धा लहान चमचा दालचिनी पूड आणि पाव लहान चमचा मीठ. बटर खारं असेल तर वरचं मीठ गाळा. बेरी ताज्या असतील तर कॉर्नफ्लोअरचे दोन मोठे चमचे पुरतात.

शक्य असेल तर वजनकाटाच वापरा. ओट्स कपात दाबून भरले की हलकेच ओतले, यानेही चुऱ्याचं गणित बदलतं.

रस घट्ट होतो तो कसा

फळ गोठतं तेव्हा त्याच्या पेशींमधल्या पाण्याचे बर्फाचे कण बनतात आणि ते पेशींच्या भिंती फाडतात. म्हणून गोठवलेली बेरी वितळली की लगेच रस सोडते, ताज्या बेरीपेक्षा कितीतरी जास्त. हा रस धरून ठेवायचं काम कॉर्नफ्लोअरचं. पण त्यातला स्टार्च थंड किंवा कोमट रसात काहीच करत नाही. साधारण ६५ ते ७० अंशांना त्याचे कण फुगायला लागतात आणि रस खरा घट्ट होतो तो ९५ अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ उकळी फुटल्यावर. त्याआधी भांडं बाहेर काढलं तर आतलं कॉर्नफ्लोअर वाया गेलं असं समजा, आणि रसाला कच्चट, पिठूळ चव येते ती वेगळीच.

आता नीट बघा, कारण हे डोळ्यांना दिसतं आणि कानांनाही कळतं. आधी कडेने बारीक, फेसाळ बुडबुडे येतात, खळखळ आवाज होतो. हा पातळ रस. अजून पाच-दहा मिनिटं गेली की बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात. एक फुगतो, जरा थांबतो, मग फट्कन फुटून चुऱ्यावर जांभळा थेंब उडवतो. खळखळीची रटरट झाली की रस धरला. मात्र ही रटरट कडेला आली म्हणून खूश होऊ नका. भांड्याच्या बरोबर मधे, चुऱ्याच्या फटीतून असे दोन-तीन बुडबुडे वर आले पाहिजेत. कडा नेहमी आधी तापते आणि सगळ्यात शेवटी तापतो तो मधला भाग.

एक घोटाळा वारंवार होतो म्हणून सांगतो. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च, चिमटीत दाबला की करकरतो. मक्याचं पिवळं पीठ ही वेगळी वस्तू. ते घातलं तर रस घट्ट होत नाही, वाळूसारखा रवाळ होतो. कॉर्नफ्लोअर घरात नसेल तर त्याच्या दुप्पट मैदा चालतो, फक्त रसाची चकाकी जाते आणि तो गढूळ दिसतो.

बेरी वितळवायच्या नाहीत. पिशवीतून थेट पातेल्यात ओता, साखर, कॉर्नफ्लोअर आणि मीठ आधी कोरडंच एकत्र करून वर भुरभुरवा, लिंबू पिळा आणि हलवून भांड्यात पसरा. आधी वितळवल्या तर रस तळाला साचतो, कॉर्नफ्लोअर त्याच्याही खाली बसतं आणि गुठळ्या होतात.

चुरा

मोहन चोळायची सवय असलेल्यांना इथे काही नवीन शिकवायचं नाही. ओट्स, पीठ, साखर, दालचिनी, मीठ एकत्र करून त्यात थंड बटरचे लहान तुकडे टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात गरम असतो, बटर वितळवतो, म्हणून त्याला लांब ठेवा. मूठभर मिश्रण दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचलं की तो फुटून वाटाण्याएवढे गोळे झाले पाहिजेत. मुटका वळतच नसेल तर बटर कमी पडलं. मळल्यासारखा एकसंध गोळा झाला तर जास्त चोळलं गेलं. भांडं पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग काट्याने मोकळं करा.

वितळवलेलं बटर घालूनही होतं. थर जरा जास्त कुरकुरीत होतो, पण त्यातला भुसभुशीतपणा जातो. आमचं मत थंड बटरच्या बाजूने आहे.

ओट्स रोल्ड घ्या, म्हणजे जाड चपट्या पाकळ्यांचे. झटपट शिजणारे बारीक ओट्स रस पिऊन लगद्यासारखे होतात. स्टील कट म्हणजे ओट्सचे कापलेले दाणे. ते एवढ्या वेळात शिजत नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे लागतात.

चुरा फळांवर सैल भुरभुरवा, थापू नका. वाफ बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर थर खालून ओला राहतो. शिवाय फटीच नसतील तर मधले बुडबुडे दिसणार कुठून?

ओव्हनमध्ये

१८० अंशांवर आधी तापवून घ्या. पंख्याचा ओव्हन असेल तर १६० पुरे. गोठवलेल्या बेरींना ५० ते ६० मिनिटं लागतात, ताज्यांना चाळीसच्या आसपास. ओटीजीमध्ये (रॉडवर चालणारा घरगुती छोटा ओव्हन) खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू ठेवा आणि भांडं मधल्या फळीवर. वरून रंग लवकर चढायला लागला तर ॲल्युमिनियम फॉइल नुसती सैल झाका आणि पुढे भाजू द्या. खालच्या फळीवर एक ट्रे ठेवाच. उतू गेलेला बेरीचा रस तळावर जळला की त्याची साखर खरवडताना हाताला रग लागते.

मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल तर कन्व्हेक्शनवरच, म्हणजे गरम हवेने भाजणाऱ्या सेटिंगवरच करा. नुसत्या मायक्रोवेव्हवर फळं शिजतील, पण वर मऊ ओली लापशी मिळेल.

काचेचं भांडं वापरणाऱ्यांना एक विनंती. एकदा आमच्याच स्वयंपाकघरात वेळ वाचवायला भांडं आदल्या रात्री भरून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि सकाळी तसंच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवलं. दोन मिनिटांत टण्ण आवाज आला, तळाला आरपार तडा, आणि रस रॉडवर. काचेला तापमानाचा असा एकदम झटका सोसत नाही. बेरी गोठलेल्या आणि भांडं खोलीच्या तापमानाचं असेल तरीही भरल्यावर दहा मिनिटं ओट्यावर ठेवून मगच आत घाला. चिनी मातीच्या भांड्यालाही हेच लागू. उघडं ॲल्युमिनियमचं भांडं नको, बेरीच्या आंबटपणाने धातूची चव उतरते.

बाहेर काढल्यावर किमान अर्धा तास हात लावू नका. स्टार्च थंड होता होता आणखी घट्ट होतो. गरमागरम वाढलेला उत्तम क्रिस्पसुद्धा ताटलीत वाहतो.

कुठली बेरी कशी वागते

ब्लूबेरी सगळ्यात शहाणी. साल जाड, पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) बऱ्यापैकी, आकार टिकवते. रास्पबेरी म्हणजे खरं तर रसाच्या बारीक पिशव्यांचा झुबका. वनस्पतिशास्त्र तिला बेरी मानतच नाही. उष्णता लागली की पिशव्या फुटतात आणि तिचा सॉस होतो, पण आंबटपणा सुरेख. ब्लॅकबेरी चवीला दमदार, बिया मात्र दाताला लागतात. स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणीच असतं आणि भाजल्यावर रंगही फिकटतो, म्हणून ती एकूण बेरीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये. नुसत्या स्ट्रॉबेरीचाच करायचा हट्ट असेल तर कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा वाढवा.

वारंवार विचारलं जातं म्हणून

बटर नको असेल तर खोबरेल तेल चालतं, पण ते साधारण २४ अंशांना वितळतं; आधी फ्रिजमध्ये थिजवून मग चोळा. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) टाळायचं असेल तर पिठाऐवजी बदामाची पूड घ्या. ओट्सच्या पाकिटावर मात्र "ग्लुटेनमुक्त" लिहिलेलं बघाच, कारण शेतापासून गिरणीपर्यंत ओट्समध्ये गहू मिसळत जातो.

कच्च्या गोठवलेल्या बेरी येता-जाता तोंडात टाकू नका. गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. मधली रटरट होईपर्यंत भाजलेल्या क्रिस्पमध्ये ही काळजी राहत नाही.

उरलेला क्रिस्प फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो. गरम करायला ओव्हनच वापरा, १७० अंशांवर पंधरा मिनिटं. थर परत कुरकुरीत होतो. चुरा दुप्पट करून अर्धा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकलात तर दोन महिने चालेल. पुढच्या वेळी न वितळवता तसाच मूठमूठ भुरभुरवा.