याकोबाचे खोटे आणि त्याचे भाष्यकार

म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या इसहाकापुढे त्याचा धाकटा मुलगा याकोब ताट घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगात थोरल्या भावाची वस्त्रे होती आणि हातांवर व मानेवर आईने करडांची कातडी बांधली होती. ‘तू कोण?’ या प्रश्नाला त्याने ‘मी एसाव, तुमचा ज्येष्ठ पुत्र’ असे उत्तर दिले. बापाने चाचपून पाहिले. वाणी याकोबाची, हात मात्र एसावाचे, असे म्हणत अखेर थोरल्यासाठी ठेवलेला आशीर्वाद दिला. ज्याच्या नावाने इस्राएल ओळखले जाते तोच येथे धडधडीत खोटे बोलतो, ही बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायाने भाष्यकारांपुढे टाकलेली अडचण आहे.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या होशेय संदेष्ट्याला ती जाणवली नाही. आपल्या लोकांना झापताना त्याने गर्भात भावाची टाच धरणाऱ्या याकोबाचा दाखला खुशाल दिला. सारवासारव नंतर सुरू झाली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या ‘योबेल’ या यहुदी ग्रंथाने त्या उत्तरातून एसावाचे नावच गाळले आणि ‘मी तुमचा पुत्र’ एवढेच ठेवले. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने हे असत्य नसून गूढ आहे, असा निर्वाळा दिला. फ्रान्समधील यहुदी भाष्यकार राशीने (१०४०–११०५) वाक्याचे दोन तुकडे केले : हे आणणारा मी, एसाव तुमचा ज्येष्ठ पुत्र. व्याकरणाची ही कसरत पाहण्यासारखी आहे, पण पटणारी नाही. १५५४ च्या भाष्यात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने मात्र आई आणि मुलगा या दोघांचाही दोष पदरात घातला.

मूळ कथाकार निवाडा देत नाही. तो फेड दाखवतो. मामा लाबान लग्नात याकोबाला फसवतो आणि धाकट्या राहेलीऐवजी थोरली लेआ गळ्यात पडते; पुढे याकोबाचे मुलगे बकऱ्याच्याच रक्तात आपला भाऊ योसेफ याचा झगा बुडवून बापाला फसवतात. गुणही कामातूनच दिसतात : वीस वर्षे दिवसा ऊन व रात्री गारठा सोसून त्याने लाबानाची मेंढरे राखली आणि श्वापदांनी फाडलेल्या जनावरांचे नुकसान स्वतः भरून दिले.

यब्बोक नदीच्या उतारापाशी रात्रभर झोंबी घेणाऱ्या अनोळखी पुरुषानेही त्याला विचारले, ‘तुझे नाव काय?’ या वेळी त्याने ‘याकोब’ असे सांगितले. तेव्हा त्याला ‘इस्राएल’ हे नाव मिळाले, आणि सकाळी तो लंगडत एसावाला सामोरा गेला. भावाजवळ पोहोचेपर्यंत त्याने सात वेळा भूमीपर्यंत लवून नमन केले.