स्टार वॉर्सच्या एलियन्सची नावं आली कुठून?

स्टार वॉर्सचे टेबलवरचे गेम म्हटलं की हल्लीच्या पोरांना एक्स-विंग नाहीतर लीजन आठवतं, पण ही भानगड बरीच जुनी आहे आणि मधे एकदा ती उलटी पण फिरलीये, म्हणजे पिक्चरवरून गेम निघतात हे ठीक, इथे गेममधलं सामान पिक्चरवाल्यांनी उचललं.

१९७७ ला पिक्चर आला आणि त्याच वर्षी केनर या खेळणीवाल्या कंपनीने डेथ स्टार या व्हिलनच्या अवकाशतळातून निसटायचा एक बोर्ड गेम काढला. लहान मुलांचा गेम, त्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही.

खरी मजा १९८७ ची. तिसरा पिक्चर येऊन ४ वर्षं झालेली, पुढचा कधी येणार याचा पत्ता नाही, केनरच्या खेळण्यांचीही हवा गेलेली, आणि अशा थंड बाजारात वेस्ट एंड गेम्स या अमेरिकन कंपनीने रोलप्लेइंग गेम आणला, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं आणि मिळून गोष्ट रचत खेळायचं. डिझायनर ग्रेग कॉस्टिक्यान. फासे साधे, आपल्या ल्युडोचे असतात तसे ६ बाजूंचे. तुमच्या कॅरेक्टरचं ब्लास्टर, म्हणजे बंदूक चालवायचं कौशल्य, ४डी असेल तर ४ फासे टाकायचे, बेरीज करायची, गेम चालवणाऱ्याने ठरवलेला आकडा गाठला की नेम लागला. बस, एवढंच!

पण रोलप्लेइंगमध्ये खेळणारा काहीही विचारतो ना, हा कोण, कुठल्या ग्रहाचा, याच्या जातीला काय म्हणतात. आणि पहिल्या पिक्चरमध्ये तर एका बारमधल्या बऱ्याचशा प्राण्यांच्या जातीला नावच नव्हतं, एकाच्या खेळण्याच्या पाकिटावर तर चक्क 'हॅमरहेड' छापलेलं. मग वेस्ट एंडवाल्यांनी बसून नावं पाडली. हॅमरहेड झाला इथोरियन, त्याच बारमधला ग्रीडो रोडियन, आणि तिसऱ्या पिक्चरमधल्या जबा या गुंडाचा तो डोक्यावरून दोन शेपट्या लोंबणारा कारभारी ट्वीलेक.

पुढे टिमथी झानला नवीन कादंबऱ्या लिहायला दिल्या (पहिली १९९१ ला आली) तेव्हा पिक्चर काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने संदर्भ म्हणून त्याच्याकडे हीच गेमची पुस्तकं पाठवली. २०१४ ला डिस्नीच्या काळात जुन्या कादंबऱ्या वगैरे सगळं 'लेजंड्स' म्हणून बाजूला काढलं, म्हणजे अधिकृत कथेत धरायचं बंद केलं, पण ट्वीलेक ट्वीलेकच राहिला, आजही सिरियल्समध्ये तोच शब्द आहे.

वेस्ट एंड मात्र १९९८ ला बुडाली, आणि ती गेममुळे नाही, मालकांच्या चपला-बुटांच्या धंद्यापायी, आता बोला! स्टार वॉर्सचे गेम काढायचं लायसन्स विझार्ड्स ऑफ द कोस्ट या गेम कंपनीकडे गेलं, मग २०११ ला फॅंटसी फ्लाइट या दुसऱ्या कंपनीकडे. त्यांचा एक्स-विंग २०१२ चा, रंगवलेली छोटी विमानं, प्रत्येकाची एक चकती, दोघांनीही आपापली चाल चकतीवर गुपचूप लावून पालथी ठेवायची आणि उघडल्यावर कळतं की आपण सरळ दुसऱ्याच्या अंगावर चाललोय. तो चिकार खपला.

आणि त्याच फॅंटसी फ्लाइटने २०१८ ला १९८७ ची ती जुनी पुस्तकं ३० वर्षं झाली म्हणून परत छापली, ४डी आणि ल्युडोच्या फाशांच्या त्याच नियमांसकट.