सिंहगडाचा उंदीर आणि सौराष्ट्राची ‘व्हाली’

२८ मे २००१ रोजी व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आला, थेट वाघाच्या पंगतीला. त्याच कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, नुसतं ‘उंदीर’ असं लिहिलेलं होतं. कुठला उंदीर, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. २०२२च्या दुरुस्तीत ते परिशिष्ट निघालं, पण तोवर सिंहगडावरचा संकटग्रस्त कोंडाणा उंदीरही कोठारातल्या धान्यचोरांमध्येच मोजला गेला.

व्हेल शार्कचेही हाल कमी झाले नाहीत. सौराष्ट्रात त्याला ‘बॅरल’ म्हणत. मोठ्या गळाला दोराने पिंपं बांधलेली असत. ती ओढून ओढून मासा थकायचा. मांस परदेशी जाई आणि यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडत, पाणी मुरू नये म्हणून. हा जगातला सर्वांत मोठा मासा, पण पोट भरतो प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर. भलामोठा जबडा उघडून पाणी आत घ्यायचं आणि कल्ल्यांजवळच्या चाळणीतून गाळायचं. पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे फोटोवरून एकेक मासा ओळखता येतो.

२००४ पासून तिथे जनजागृती सुरू झाली. रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं. मला यातली ताकद कायद्यापेक्षा मोठी वाटते. ज्या हातांनी गळ टाकले, तेच हात आता स्वतःचं जाळं कापून माशाला सोडतात.

१९९५मध्ये तैवानला पकडलेल्या एका व्हेल शार्क मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं सापडली होती. तरी संख्या भरून निघत नाही, कारण वयात यायलाच काही दशकं लागतात. उंदरांचं उलट. वीण झपाट्याची, म्हणून त्यांची काळजी कुणी करत नाही. पण कोंडाणा उंदराची अडचण जागेची आहे. १९७५मध्ये विज्ञानाला त्याची ओळख झाली ती सिंहगडावरून, नावही गडाचंच. दिवसा बिळात, रात्री बाहेर. त्याला लागते ती झुडपांखालची माती, आणि गुरांची चराई न् पर्यटकांची वर्दळ नेमकी तिथेच. समुद्राला कुंपण घालता येत नाही, माथ्यावरचा झुडपांचा एक पट्टा मात्र राखता येतो. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला आपण ज्या माथ्यावर जातो, तोच हा माथा.